उधाण, भांग आणि आंग्र्यांवरची चढाई

अंधेरीचा राजा कोण, असं विचारलं की तुम्ही पोरं एका सुरात सांगणार, आझादनगरचा गणपती. पण हाच प्रश्न १५८८ साली कुणी विचारला असता, तर उत्तर वेगळं आलं असतं. अंधेरीचा राजा तेव्हा स्पेनमध्ये राहायचा. नाव फिलिप, दुसरा. बोरिवलीचाही तोच, मुलुंडचाही तोच आणि घाटकोपरचाही तोच.

हसू नका, खरं सांगतोय. आज ज्यांना आपण उपनगरं म्हणतो ते सगळं तेव्हा साष्टी बेट होतं. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढे १५८० साली पोर्तुगालच्या गादीला सरळ वारस उरला नाही आणि शेजारच्या फिलिपने ती गादी ताब्यात घेतली. त्यासरशी लिस्बनपासून गोव्यापर्यंत जे जे पोर्तुगीजांचं ते ते त्याचं झालं. सीप्झच्या आवारात झाडीत ते पडकं चर्च आहे ना, ते १५७९ सालचं. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांच्या डोक्यावर भिंती उभ्या दिसतात, त्याही पोर्तुगीज पाद्र्यांच्याच. साष्टीतल्या माणसांनी फिलिपला कधी पाहिलं नाही आणि फिलिपला साष्टी नकाशात तरी दाखवता आली असती का, शंका आहे. पण राजा म्हणजे राजा.

तर या आपल्या राजाचं इंग्लंडशी वाकडं होतं. तो कट्टर कॅथलिक, तिकडची एलिझाबेथ राणी प्रोटेस्टंट. पोपने तिला १५७० सालीच धर्माबाहेर काढलेलं. शिवाय फिलिपच्या ताब्यातल्या नेदरलंडमध्ये बंड पेटलं होतं, त्याला ती माणसं आणि पैसा पुरवायची, आणि तिचे दर्यावर्दी स्पेनची सोन्याचांदीने भरलेली जहाजं लुटायचे. या भांडणात धर्म किती आणि राजकारण किती, हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

१५८८ च्या मे महिन्याच्या अखेरीस लिस्बनहून सुमारे १३० जहाजं निघाली. वर तीस हजारांच्या आसपास माणसं. बेत असा, की या आरमाराने फ्लँडर्सच्या किनाऱ्यापर्यंत जायचं, तिथे फिलिपचा सेनापती पार्मा फौज घेऊन थांबलेला, त्याच्या सपाट होड्यांना संरक्षण देत इंग्लंडला उतरवायचं. कागदावर झकास. पण त्या किनाऱ्यापुढे वाळूचे दांडे पसरलेले आहेत. मोठ्या लढाऊ जहाजाला बुडाखाली जेवढं पाणी लागतं तेवढं तिथे नाही. डच बंडखोरांच्या उथळ बुडाच्या होड्या मात्र त्या दांड्यांवरून मजेत फिरत होत्या. म्हणजे फौज किनाऱ्यावर, आरमार खोल पाण्यात, आणि मधल्या उथळ पाण्यावर शत्रूचा पहारा. दोघांची गाठ पडलीच नाही. इंग्रजांनी रात्री पेटती जहाजं सोडली, आरमाराने घाईघाईने नांगराचे दोर तोडले, दुसऱ्या दिवशी लढाई झाली आणि मग वाऱ्याने सगळ्यांना उत्तरेकडे रेटलं. आल्या वाटेने परतणं शक्य नव्हतं, म्हणून स्कॉटलंड आणि आयर्लंडला वळसा घालून निघाले. त्या वळशात वादळांनी कितीतरी जहाजं खडकांवर नेऊन आपटली. देवाने फुंकर मारली आणि शत्रू उधळला, अशी पदकं प्रोटेस्टंटांनी पाडली. मला विचाराल तर वाऱ्याइतकंच श्रेय त्या वाळूच्या दांड्यांचं. पण वाळूच्या नावाने पदक कोण पाडणार?

ही झाली आपल्या राजाची फजिती. अशीच एक फजिती १३३ वर्षांनी आपल्या दारात झाली, अलिबागला. तिथेही मोठी जहाजं, तिथेही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, फक्त यावेळी ते एकमेकांच्या समोर नव्हते, एका बाजूला होते. ही गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यातला समुद्र आपल्या ओळखीचा आहे.

ती नीट कळायची तर आधी पाण्याचं गणित करावं लागेल. कंटाळा करू नका, पाढे चारापर्यंतच लागतात.

पावसाळ्यात महापालिकेचा निरोप येतो की नाही, आज अमुक वाजता साडेचार मीटरची भरती? ही भरती येते कुठून? चंद्र पृथ्वीला ओढतो. त्याच्या बाजूचं पाणी त्याला जवळ, म्हणून ते जास्त ओढलं जातं. मधली पृथ्वी त्याहून कमी ओढली जाते. आणि पलीकडच्या बाजूचं पाणी सगळ्यात लांब, म्हणून ते सगळ्यात कमी ओढलं जातं आणि मागे राहतं. झाले दोन फुगवटे, एक चंद्राच्या बाजूला आणि एक बरोबर उलट बाजूला. पृथ्वी या फुगवट्यांखालून फिरते, म्हणून एका दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. पण पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही आपल्या वाटेने पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी पन्नासेक मिनिटं फिरावं लागतं. म्हणून आज बाराला आलेली भरती उद्या बाराला येत नाही, पाऊण तासाहून जरा उशिरा येते.

आता गंमत बघा. चंद्र कुठवर सरकला हे ज्याला कळलं त्याला भरतीची वेळ कळली, आणि चंद्र कुठवर सरकला हे आपल्या कालनिर्णयावर रोज लिहिलेलं असतं. त्यालाच तर तिथी म्हणतात! आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येईल. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला साडेअकरा-बाराला. आठवतंय, २०२५ साली लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे किती तास खोळंबलं? मिरवणूक चौपाटीवर पोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तो दिवस पौर्णिमेचा. दुपारी बाराला पाणी चढणारच होतं.

थोरल्याने लगेच पकडलं. म्हणाला, आजोबा, महिन्याच्या तीस तिथ्या, दिवसाचे चोवीस तास, भागाकार केला तर एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात, पंचेचाळीस नाही. बरोबर आहे. पण पाऊणकी तोंडी करता येते आणि ही रीत ज्यांनी काढली त्यांच्या एका हातात सुकाणू होतं. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरूनच हा हिशेब वापरायचा. किनाऱ्याचा आकार, वारा, पाऊस हे सगळे त्यात आपापला हात घालतातच.

वेळ कळली, आता पाणी किती चढणार? अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. त्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, त्यांचा जोर एकमेकांना खातो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तिला भांगाची भरती म्हणतात. हे झालं सगळ्या जगाचं. पण आपल्या किनाऱ्याचं एक वेगळंच आहे. कोचीला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटर. गोव्याला दोनेक. मुंबई-अलिबागला उधाणाच्या दिवशी चारच्या वर, आणि खंभातच्या आखातात गेलात तर दहाच्याही वर. चंद्र तर तोच! मग असं का? कारण मुंबईसमोर समुद्राचा तळ लांबवर उथळ आहे, खोल दर्या सुरू व्हायला शेकडो किलोमीटर जावं लागतं, आणि उत्तरेकडे खंभातचं आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं. त्यात शिरणाऱ्या पाण्याला पसरायला जागा नाही, मग ते वर चढतं.

आणखी एकच गोष्ट, मग लढाईला लागू. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, मग दोन, मग एक. म्हणजे चार मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात फुटभर पाणी वाढतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि तिसऱ्या तासात एकदम एक मीटर, चौथ्यात आणखी एक. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात फोटो काढत बसलेले पर्यटक अडकतात ते याच तिसऱ्या तासात. ओहोटीला सगळे चालत जातात, पाणी घोट्याला लागलं तरी म्हणतात, वेळ आहे अजून. अर्ध्या तासाने तेच पाणी गुडघ्याच्या वर.

तो कुलाबा किल्ला. आपल्या मुंबईतल्या कुलाब्याशी त्याचा घोळ घालू नका. हा अलिबागच्या समुद्रात खडकावर बसलेला. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात, १६८० साली त्याचं काम सुरू केलं, पुरं झालं संभाजी महाराजांच्या वेळी. त्याच्या तटाजवळ जाऊन सांधे बघा. भलेमोठे दगड एकावर एक ठेवलेत आणि मधे चुना नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, घाईत बांधला असणार. पण लाट येऊन आपटते तेव्हा पाणी त्या फटींत शिरतं, तिचा जोर आतल्या आत फुटतो आणि पाणी परत निथळून जातं. सांधे गच्च बंद असते तर लाटेचा सगळा दणका एका भिंतीने झेलला असता. साडेतीनशे वर्षं होत आली, तट उभा आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा किल्ला कान्होजी आंग्र्यांकडे होता. सरखेल, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे मुख्य. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या किनाऱ्यावरून माल न्यायचा तर आमचं दस्तक घ्या. दस्तक नाही, तर जहाज जप्त. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. आता पोर्तुगीज तर दोनशे वर्षं याच समुद्रात सगळ्यांना असाच परवाना घ्यायला लावत होते, त्यांना कुणी चाचा म्हटलं नव्हतं. तोच कायदा इथल्या माणसाने केला की चाचेगिरी!

इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनाही कान्होजी नकोसे झाले होते. पण त्यांचं आपसात काय चाललं होतं ते बघा. मुंबई बेट १६६१ च्या लग्नकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण गेलं होतं. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. मधे माहीमची खाडी. अलीकडे वांद्र्याला कॅथलिक पोर्तुगीज, पलीकडे माहीमला प्रोटेस्टंट इंग्रज, आणि दोघांची एकमेकांवर करडी नजर. मुंबईतल्या कॅथलिकांचे पाद्री पोर्तुगीज असत, ते गोव्याच्या आर्चबिशपचा शब्द मानत. ही माणसं आपल्या घरात राहून शेजाऱ्याची चाकरी करतात, असं गव्हर्नर चार्ल्स बूनला वाटायचं. १७२० साली त्याने त्यांना बेटाबाहेर काढलं आणि चर्चं पोपने थेट नेमलेल्या दुसऱ्या पंथाच्या, कार्मेलाइट पाद्र्यांकडे दिली. पोर्तुगीज खवळले. आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७२१ मध्ये, याच दोघांनी कान्होजींविरुद्ध तह केला. मनातला राग तसाच, फक्त सही झाली.

बूनने त्याआधी एकट्याने हात पोळून घेतले होते. १७१७ साली विजयदुर्गावर जहाजं पाठवली, परत आली. १७१८ साली खांदेरीवर गेला, रिकामा परतला. मग त्याच्या लोकांच्या डोक्यात आलं की अडचण उथळ पाण्याची आहे. विचार योग्य होता. त्यांनी फ्राम नावाचा एक सपाट बुडाचा, जाड भिंतींचा तरंगता तोफखाना बांधला आणि १७२० साली विजयदुर्गासमोर नेला. थोड्या पाण्यात तरंगत होता, झकास. तोफ डागली तर गोळा किल्ल्यापर्यंत पोचेच ना, अलीकडेच समुद्रात पडायचा. तोफांची तोंडं पुरेशी वर उचलता येतील अशी खिडक्यांची रचनाच केली नव्हती. पाण्याचा नियम पाळला आणि गोळा खाली पडतो हा नियम विसरले!

म्हणून १७२१ साली सगळं मोठ्या प्रमाणावर करायचं ठरलं. इंग्लंडहून कमोडोर थॉमस मॅथ्यूज राजाची चार लढाऊ जहाजं घेऊन आला: लायन, सॅलिसबरी, एक्झिटर आणि शोरहॅम. मोठ्या जहाजांवर पन्नास-पन्नास तोफा. गोव्याहून खुद्द व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जोझे द संपायू ई कास्त्रू आला. दोघांची मिळून सहा हजारांच्या आसपास फौज. जमायचं ठिकाण चौल, कारण ते पोर्तुगीजांचं होतं आणि अलिबागच्या दक्षिणेला जवळच.

धाकटीने विचारलं, एवढी जहाजं होती तर चौलला कशाला उतरायचं? सरळ किल्ल्यासमोर जाऊन तोफा का नाही मारल्या? हाच खरा प्रश्न आहे. पन्नास तोफांचं जहाज पाण्याखाली पाच मीटरच्या आसपास बुडालेलं असतं. तोफा लोखंडाच्या आणि पितळेच्या, वर दारू, गोळे, शेकडो माणसं, त्यांचं महिनोन्‌महिन्यांचं पाणी आणि धान्य. एवढं वजन पेलायला बूड खोल लागतं, नाहीतर जहाज उलटेल. आणि कुलाब्याच्या आसपास काय आहे? किनाऱ्याच्या बाजूला ओहोटीत माणसं चालत जातात, समुद्राच्या बाजूला खडक. आत शिरायचं तर पाण्याबरोबर शिरायचं आणि पाणी उतरायच्या आत बाहेर पडायचं. नाहीतर जहाज टेकलं, कलंडलं आणि त्याच्या तोफा आकाशाकडे बघत बसल्या. असं जहाज धोक्यात घालायला कुठला कप्तान तयार होईल? इंग्रज काही भरती-ओहोटीला अनोळखी नव्हते. त्यांच्या टेम्स नदीत आपल्यापेक्षा जास्त पाणी चढतं. त्यांना समुद्र कळत होता, पण त्यांची जहाजं या पाण्यासाठी बांधलेली नव्हती.

आंग्र्यांची होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, बूड उथळ, तोफा पुढच्या तोंडाला. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी डुलत बसतं. गलबत वल्ही मारत येतं आणि त्याच्या मागच्या बाजूला, जिथे तोफा कमी, तिथे येऊन उभं राहतं. शिवाय गुराब खाडीत शिरू शकते. मागून आलेलं मोठं जहाज खाडीच्या तोंडाशी थांबतं, कारण पुढे गाळ.

आणि वारा पडण्याच्याही वेळा असतात बरं का. जमीन लवकर तापते आणि लवकर गार होते, समुद्र दोन्हीत सावकाश. दिवसा जमिनीवरची हवा तापून वर गेली की समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री उलटं, जमीन गार, समुद्र त्या मानाने ऊबदार, मग जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. पावसाळा संपल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, हे घड्याळ छान चालतं. पहाटे मतलईवर होड्या बाहेर पडतात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येतात. वर्सोव्याच्या बंदरात शिडाच्या होड्या होत्या तोवर तिथलाही दिवस असाच चालायचा.

या वाऱ्याचा अनुभव इंग्रजांनी आधी घेतला होता. १६७९ साली शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला म्हटल्यावर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. १८ ऑक्टोबरला उजाडता उजाडता मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार किनाऱ्याकडून आलं, साठ-एक होड्या, नाकावरच्या तोफा मारत, इतक्या वेगाने की इंग्रजांना नांगर उचलून शिडं सोडायला जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासात त्यांची डोव्ह नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. रिव्हेंज नावाचं त्यांचं मोठं जहाज मात्र चांगलं लढलं, ते मान्य करायला हवं. त्याच्या तोफांपुढे मराठी होड्यांना मागे फिरावं लागलं. पण फिरून त्या गेल्या कुठे, तर उथळ खाडीत, आणि तिथे रिव्हेंजला जाता येईना. रात्री पुन्हा होड्या निघायच्या, बेटावर माणसं आणि दाणागोटा पोचवायच्या. शेवटी जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी वेढा उठवला.

तर १७२१ चा डिसेंबर. फौज चौलहून अलिबागकडे निघाली, जमिनीवरून. आणि जमिनीवर कोण होतं? मराठ्यांचं घोडदळ. साताऱ्याहून शाहू महाराजांनी पिलाजी जाधवांना पाठवलं होतं आणि मागोमाग पेशवा बाजीराव येत होता, वय एकवीस. म्हणजे या दोन दर्यावर्दी सत्तांनी आपलं पाणी सोडलं आणि ज्या कामात मराठ्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, नेमकं त्याच कामात त्यांच्याशी गाठ घातली.

सुरुवातच मजेशीर झाली. मॅथ्यूज टेहळणीला निघाला. एका मराठा स्वाराने येऊन त्याच्या मांडीत भाला खुपसला आणि पळाला. मॅथ्यूज तापट, घोडा टाकून त्याच्या मागे लागला, पिस्तूल काढून चाप ओढला, काही झालं नाही. दुसरं काढलं, तेही नाही. पिस्तुलं भरायलाच विसरला होता!

मग मुख्य हल्ला. इंग्रजांनी शिड्या लावून तट चढायचा प्रयत्न केला. पोर्तुगीजांकडे बगल सांभाळायचं काम. मराठा घोडदळ त्यांच्यावर चालून आलं आणि पोर्तुगीज फळी मोडली. बगल उघडी पडल्यावर इंग्रजांनाही मागे फिरावं लागलं, तोफा आणि दारूगोळा तिथेच टाकून. मॅथ्यूज जहाजावरून तणतणत किनाऱ्यावर आला, पोर्तुगीजांच्या उत्तर विभागाच्या सेनापतीच्या तोंडात त्याने काठी खुपसली आणि व्हाइसरॉयलाही सोडलं नाही. या मोहिमेत हजर असलेल्या क्लेमंट डाउनिंग नावाच्या इंग्रजाने हे लिहून ठेवलंय. व्हाइसरॉयने तब्येत बरी नसल्याचं सांगितलं आणि तो आपल्या जहाजावर जाऊन बसला.

आणि इथे मला त्या मंडळींची थोडी कीव येते. वर्षभरापूर्वी ज्यांचे पाद्री हाकलले, त्यांच्या भरवशावर बगल ठेवायची? पोर्तुगीज मुद्दाम पळाले, असं इंग्रज म्हणत राहिले. आम्हाला पुढे करून इंग्रज मागे राहिले, असं पोर्तुगीज म्हणत राहिले. खरं कोण, ते बाजूला ठेवा. बाजीरावाने हे बरोबर हेरलं आणि एकट्या पोर्तुगीजांशी बोलणी सुरू केली. जानेवारी १७२२ मध्ये मराठे आणि पोर्तुगीज यांचा तह झाला, इंग्रजांना बाजूला ठेवून. चार लढाऊ जहाजांना हात हलवत मुंबईला परतावं लागलं. बून त्याच महिन्यात इंग्लंडला निघून गेला. मॅथ्यूजवर मायदेशी खटला झाला, राजाच्या जहाजांवरून स्वतःचा खासगी व्यापार केल्याबद्दल. पुढे १७४४ साली भूमध्य समुद्रात तूलाँच्या लढाईत त्याचं आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं पटेना, पुन्हा खटला, आणि त्याला आरमारातून काढून टाकलं. कान्होजींची दस्तकं १७२९ साली ते वारले तोवर चालू होती.

मुलुंडवाल्यांनी रुसू नये म्हणून तुमच्या खाडीचंही सांगतो. मार्च १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला. आज तिथे तुरुंग आहे. साष्टीत देवळं आणि हिंदूंचे धार्मिक विधी यांवर पोर्तुगीजांनी बंदी घातली होती, तो राग या मोहिमेमागे होताच, आणि इथला सुपीक मुलूख आणि बंदरं हेही होतं. पुढच्या वर्षी पोर्तुगीज सेनापती पेद्रो द मेलो खाडीतून ठाणं परत घ्यायला आला. खाडी तिथे अरुंद, दोन्हीकडे गाळ, जहाजांना वळायला जागा नाही, आणि काठावर तोफा. एक गोळा थेट त्यालाच लागला. तोफ डागणारा इंग्रज होता, असा पोर्तुगीजांचा आरोप. इंग्रज-पोर्तुगीज मैत्री अजून तशीच होती म्हणायची! मे १७३९ मध्ये वसई पडली आणि साष्टीतलं पोर्तुगीज राज्य संपलं.

आता तुमच्या अलिबागच्या सहलीचं. अष्टमीच्या रविवारी जायचं म्हणताय, ते नको. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या पुढे, वेळ सोयीची आहे, पण भांग आहे, पाणी पुरतं उतरणार नाही आणि घोडागाडीवाल्याला पैसे द्यावे लागतील. पंचमी बघा. पाचाची पाऊणपट पावणेचार, त्यातून सव्वासहा तास वजा केले की ओहोटी साडेनऊ-दहाला. गेटवेहून सकाळची पहिली बोट पकडली तर मांडव्याहून बसने वेळेत पोचतो. साडेअकराला किल्ल्याच्या दारातून बाहेर पडायचं, कुणाचे कितीही फोटो राहिले असले तरी. आणि निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं छापील वेळापत्रकही बघून घ्या. पाऊणकी पक्की असली तरी पंचमी कधी लागते आणि कधी संपते, ते तुमच्या आजीला विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही.